कान्टमधला ट

घरातून निघताना मी म्हणते, "जातो गं आई."
नोकरीच्या कागदावर लिहिलं होतं, "मी अर्ज करते."
दोघी खऱ्याच.
एक मंगळवार पेठेत बोलते,
दुसरी शिरोलीच्या फौंड्रीत
इंग्रजी सूचनापुस्तकं लिहिते,
दर ओळीला कर्ता, दर ओळीला पूर्णविराम.

हुक्केरी मॅडम तपासतात.
डोन्ट दिसलं की लाल गोल. डू नॉट.
इट्स दिसलं की लाल गोल. इट इज.
"कागदानं बाहीला नाक पुसायचं नसतं," म्हणतात.
आणि फोनवर भाच्याला विचारतात, "काय करालाइस?"
करायला लागला आहेस,
एवढं सगळं एका घोटात.

शाळेत संस्कृतच्या बाई सांगायच्या,
गिळलेल्या अच्या जागी अवग्रह काढा,
इथं कुणीतरी होतं, याची खूण.
इंग्रजीतला तो वर लटकलेला स्वल्पविराम
मला तसाच वाटायचा:
गेलेल्या माणसाचा खुंटीवरचा सदरा.

म्हणून भट्टीजवळच्या तक्त्यात मी हट्टानं लिहिलं,
यू कान्ट चार्ज वेट स्क्रॅप.
कॅनॉट म्हटलं की साहेब बोलल्यासारखं वाटतं
आणि साहेबाचं कोण ऐकतंय?
मॅडमनी गोल केला. मी खोडलं नाही.
जर्मनीचे पाहुणे उद्यावर आलेले,
कागद लॅमिनेट न करताच चिकटवला.

तीन आठवडे गेले.
काजळी, वाळू, ग्रॅफाइट,
मग कुणाचातरी अंगठा,
नेमका त्या शब्दाच्या शेपटावर.
सदरा गेला, ट गेला.
उरलं: यू कॅन.

सुदर्शन घुणके, हातकणंगल्याचा,
कामाचा दुसरा दिवस.
बोट ठेवून वाचलं त्यानं, शिकल्यासारखं,
आणि रात्रभर उघड्यावर भिजलेलं भंगार
घमेल्यात भरून उचललं.
खाली दीड हजार अंशांचं लोखंड,
ज्याला पाणी अजिबात खपत नाही.

दस्तगीर मुजावर पलीकडं चहा ओतत होता.
त्यानं वाक्य केलं नाही.
"ए! वल्लंय!"
ना कर्ता, ना कृपया,
आहेचा नुसता य उरलेला.
घमेलं खाली पडलं. चहा पण.

मग बराच वेळ भट्टीचाच आवाज.
सुदर्शननं तक्त्याकडं बोट केलं,
"लिवलंय की तिथं."
मी जाऊन वाचलं.
होतं लिहिलेलं. माझंच.

ओरडणाऱ्याचं तोंड दिसतं,
हात दिसतात, सांडलेला चहा दिसतो,
त्यावरून उरलेलं ऐकणारा भरून घेतो.
तक्त्यामागं मी उभी नव्हते.
मी तेव्हा वरच्या मजल्यावर
पुढच्या पानाचा समास मोजत होते.

संध्याकाळी कॅनॉट लिहिलं.
सहाच्या सहा अक्षरं,
एका अंगठ्यात मावू नयेत एवढी मोठी.
"मी सांगितलं होतं," असं मॅडम म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खाली आपलं पण लिवा," दस्तगीर म्हणाला.
मी लिहिलं: ओले भंगार भट्टीत टाकू नये.
त्यानं दोनदा वाचलं.
"हे कोण बोलालंय?"
खोडलं. लिहिलं: वल्लं टाकू नको.
लाल पेन आलं, वल्लंवर थांबलं,
शाईचा ठिपका पडेस्तोवर थांबलं.
"यातला एक ल पुसला तर?"
"वलं. तरी कळतंय," दस्तगीर म्हणाला.
"आणि नको पुसलं तर?"

कुणीच काही बोललं नाही.
दस्तगीर
आपल्या अंगठ्याकडं बघत राहिला.